मोनोफिन अंगवळणी पाडताना: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

मोनोफिन हातात आला, म्हणजे दोन्ही पाय एकत्र घालायचा एकच रुंद फिन. फायबरग्लासचं पातं, मऊ ग्रेड, दोन्ही कडांना रबराच्या पट्ट्या आणि शेजारी शेजारी बसवलेली दोन रबरी फूट पॉकेट्स (पावलं घालायचे खिसे). आतापर्यंत माझं सगळं फ्रीडायव्हिंग (श्वास रोखून केलेलं डायव्हिंग) दोन लांब फिनवर झालंय, त्यामुळे हा प्रकल्प मुद्दाम वेगळा धरलाय, म्हणजे दोनेक महिने दोन फिन कपाटात आणि फक्त हाच वापरायचा आणि सेशन झालं की इथे लिहायचं.

आज फक्त नीट बघून घेतला. पातं पायाजवळ जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं, उजेडात तिरकं धरलं की थर कुठे संपतात त्या पायऱ्या दिसतात. टोक जमिनीवर टेकवून हलकेच दाबलं तर वाक पॉकेटपाशी एकदम मोडल्यासारखा येत नाही, मधून सुरू होऊन टोकाकडे वाढत जातो, म्हणजे थर चांगले पडलेत. दुसरं म्हणजे पातं पॉकेटच्या सरळ रेषेत नाहीये, तळव्याच्या बाजूला थोडं झुकवलेलं आहे. याचं कारण साधं आहे, आपण चवडा कितीही ताणला तरी पाऊल नडगीच्या रेषेत पूर्ण येत नाही, तो राहिलेला कोन पात्याला दिला की पातं अंगाच्या रेषेत येतं. हा कोन नसेल तर लाट वरच्या बाजूला जास्त ढकलते आणि खालच्या बाजूला कमी, आणि ते भरून काढायला माणूस गुडघे वाकवायला लागतो.

मऊ ग्रेड का घेतला असं दोघातिघांनी विचारलं. कडक पातं जास्त ढकलतं हे खरं पण ते वाकवायला मांड्या आणि कंबर लागते, आणि श्वास रोखलेला असताना तो ऑक्सिजन येणार कुठून? आधी लाट शिकायची, मग कडकपणाचं बघू.

७ जानेवारी

पाण्यात नाही गेले. घरीच फिटिंग.

मोनोफिनच्या बाबतीत लोक पात्यावर तासन्‌तास बोलतात, कार्बन की फायबर, किती रुंद, किती लांब, आणि पॉकेट मात्र चपलेच्या नंबरावरून मागवून मोकळे होतात. माझं मत उलटं आहे. पॉकेट आधी, पातं नंतर. पॉकेट सैल असेल तर प्रत्येक किकला टाच आधी उचलली जाते आणि मग पातं हलतं, म्हणजे किकचा पहिला भाग नुसता वाया. आणि घट्ट असेल तर दहा मिनिटांत बोटं बधिर होतात आणि तळव्यात गोळा येतो.

कागदावर दोन्ही पावलांची आखणी केली. उजवं पाऊल डाव्यापेक्षा जरा मोठं निघालं, बहुतेकांचं असंच असतं, पण मोनोफिनची दोन्ही पॉकेट्स एकाच मापाची. मोठ्या पावलाला बरोबर बसेल असं घेतलं आणि डाव्या पायाला दोन मिलिमीटरचा निओप्रीन मोजा, उजव्याला पातळ. आतून साबणाचं पाणी लावल्याशिवाय रबर टाचेवरून सरकत नाही, कोरडं ओढायला गेलं तर टाचेची कड फाटायची भीती. बसल्यावर टाच उचलून बघितली, फट पडत नाही. अंगठ्याच्या सांध्यावर दाब वाटतोय, तो पाण्यात कमी होतो का वाढतो ते बघायचं.

११ जानेवारी

पहिलं पाणी. श्वास रोखायचा नाही असं कोचने आधीच सांगून ठेवलं होतं, आज फक्त पृष्ठभागावर, समोरच्या स्नॉर्कलने (तोंडात धरायची श्वासाची नळी), आणि निम्मा वेळ पाठीवर.

फिन घालून चालता येत नाही त्यामुळे सगळं काठावर बसून करायचं, पाय पाण्यात सोडायचे, फिन चढवायचा, मग अंग सरकवून आत. आणि एक गोष्ट आधीच लिहून ठेवते कारण ती कामाची आहे, उथळ बाजूलासुद्धा मोनोफिन घालून पटकन उभं राहता येत नाही. दोन्ही पाय बांधलेले, त्यात पातं पाण्याला अडकतं. दोन फिनवर काही गडबड वाटली की पाय टेकून उभं राहायची सवय असते, ती इथे विसरायची. संपवायचं ते काठ पकडून नाहीतर बोयावर (पाण्यावर तरंगणारा फुगा).

पातं जवळजवळ पाऊण मीटर रुंद आहे, शेजारच्या लेनमधल्या माणसाला त्याची कड लागली तर चांगलंच लागेल. पूर्ण लेन मोकळी असेल तेव्हाच यायचं असं ठरलं.

पाठीवर पोहताना गुडघे पाण्याबाहेर येतात का ते स्वतःलाच दिसतं, म्हणून हा ड्रिल चांगला. माझे येत होते. पहिल्या दिवशी सगळ्यांचे येतात म्हणे.

१५ जानेवारी

आज लाटेवर काम केलं आणि आज पहिल्यांदा पातं खरंच काहीतरी परत देतंय असं जाणवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोनोफिन पायांनी मारायचा नसतो. हे वाक्य वाचून कळत नाही, अंगाला कळावं लागतं. ओली चादर झटकतो तेव्हा हात थोडासाच हलतो पण शेवटच्या टोकाला फटकारा बसतो, तसं इथे हालचाल छातीच्या वरच्या भागातून सुरू होते, बरगड्या खाली दबतात, मग कंबर वर येते, मग मांड्या, गुडघा फक्त लाट पुढे जाऊ देण्याइतका सैल, घोटा ताणलेला, आणि शेवटी पातं. प्रत्येक भाग थोडा उशिरा हलतो. गुडघ्यातून सुरुवात केली तर मांडी पाण्याला आडवी येते, म्हणजे एकाच वेळी पुढेही ढकलायचं आणि ब्रेकही लावायचा.

कोचने एक सोपी युक्ती सांगितली, हात पुढे लॉक करायचे, तळहातावर तळहात, दंड कानामागे, हनुवटी आत, आणि मग ठरवायचं की बोटांची टोकं वरखाली हलता कामा नयेत. टोकं हलली की लाट खूप वरून सुरू होतेय आणि सगळं अंग सापासारखं वळवळतंय. टोकं स्थिर आणि छाती हलतेय, हे जमायला वेळ लागतो कारण दोन्ही गोष्टी एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. मी दादाला (माझा बडी, म्हणजे पाण्यात माझ्यावर लक्ष ठेवणारा जोडीदार, वयाने मोठा, क्लबमधले सगळे दादाच म्हणतात) सांगितलं, "दादा, तू खाली बसून नुसते माझे हात बघ, पायांकडे बघूच नकोस." तो तळाशी बसून बघायचा आणि वर येऊन सांगायचा, आता हलले, आता नाही.

दुसरी गोष्ट वरच्या किकची. खाली मारायला पोटाचे आणि मांडीचे स्नायू असतात, ते आपोआप जोर लावतात. वर नेताना मात्र पार्श्वभाग आणि मांडीच्या मागचे स्नायू लागतात आणि ते आळशी असतात. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर अंग हळूहळू तळाकडे नाहीतर पृष्ठभागाकडे सरकत राहतं. मी वर सरकत होते. वरच्या किकवर लक्ष दिलं तेव्हा लेनच्या मध्यापर्यंत सरळ गेले आणि तेव्हाच ते जाणवलं, पातं एका टोकाला वाकून परत सुटतंय आणि त्या सुटण्यात एक ढकल आहे जी मी दिलेली नाही. जाम भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

२० जानेवारी

खांदे. पाय ठीक आहेत, पोटऱ्या ठीक आहेत, खांदे आणि पाठीचा वरचा भाग आखडलाय. दंड कानामागे ठेवून छाती हलवायची म्हणजे पाठीचा मधला भाग मोकळा हवा, तो नसेल तर सगळा वाक कमरेत येतो आणि कंबर दुखते. आजपासून रोज भिंतीला हात टेकवून छाती खाली सोडायचा स्ट्रेच, आणि पाठीखाली फोम रोलर.

२५ जानेवारी

वजनाचा दिवस. हे कंटाळवाणं काम आहे पण यावर सगळं अवलंबून आहे.

या फिनची पॉकेट्स जाड रबराची आहेत आणि आतला मोजा निओप्रीनचा, त्यामुळे पाय थोडे वर तरंगतात, छाती हवेने भरलेली म्हणून तीही वर, आणि मधे कंबर लटकते. दोन फिनला जे गळ्यातलं वजन (तरंगणं सावरायला गळ्यात घालायची शिशाची नळी) चालत होतं ते इथे बसत नाही. गळ्यातल्या नळीतले शिशाचे छर्रे थोडे थोडे काढत आणि घालत गेले, पूर्ण श्वास घेऊन साधारण एक मीटर खोलीवर हालचाल न करता पडून राहायचं आणि बघायचं, वर जातेय का खाली, डोकं आधी जातंय का पाय. शेवटी गळ्यातलं वजन थोडं कमी झालं आणि कमरेला एक छोटा तुकडा आला. आता किक न करता आडवी राहते.

याचा फायदा ग्लाइडमध्ये, म्हणजे किक न करता नुसतं सरकण्यात, दिसतो. अंग तिरकं असेल तर ग्लाइड दोन-तीन मीटरमध्ये मरतो, सरळ असेल तर तो बराच टिकतो.

१ फेब्रुवारी

आज घड्याळ लावलं. एक लांबी, २५ मीटर, भिंतीवरून ढकलून.

सलग किक: १३ किक, २१ सेकंद. किक आणि ग्लाइड: ८ किक, २५ सेकंद. सलग किकवर वेग जास्त आहे पण संपल्यावर श्वास लागला होता, ग्लाइडवाल्या लांबीनंतर बोलता येत होतं. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट केला तर रोध चौपट, आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट. म्हणजे त्या चार सेकंदांची किंमत दिसते त्यापेक्षा बरीच जास्त आहे. आणि उलट बाजूने, फार हळू गेलं तर नुसता वेळ जातो आणि शरीर तिथे बसून ऑक्सिजन खातच असतं. सेकंदाला साधारण एक मीटर, थोडं इकडेतिकडे, हा वेग बहुतेक डायनॅमिकवाले (पूलमध्ये एका श्वासात आडवं अंतर कापणारे) का धरतात ते आज स्वतःच्या आकड्यांत दिसलं.

ग्लाइड किती लांब ठेवायचा हे अजून डोक्याने ठरवतेय. वेग पडायला लागल्याचं कानाशी पाण्याच्या आवाजावरून कळतं, आवाज बदलला की पुढची किक. थांबून मग मारली तर पुन्हा शून्यातून वेग काढावा लागतो.

वळण अजून नीट बसलेलं नाही. दोन फिनवर भिंत जिथे यायची तिथे इथे पात्याची लांबी मधे येते, त्यामुळे हात लावून अंग लवकर फिरवावं लागतं नाहीतर पात्याचा कोपरा टाइल्सला घासतो.

८ फेब्रुवारी

सुट्टी, सर्दी आहे. नाक बंद असताना खाली जायचं नाही हा नियम मोडायचा प्रश्नच नाही.

बसल्या बसल्या जुने आकडे काढले. मोनोफिन फ्रीडायव्हरनी काढलेला नाही, तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत फिनस्विमिंगमधून (फिन घालून पोहण्याच्या शर्यती) आला, तिथल्या शर्यतींचे वेळ त्याने बदलून टाकले आणि मग तो फ्रीडायव्हिंगमध्ये आला. त्याने किती फरक पडतो हे बघायचं तर एकाच जागेचे दोन आकडे घ्या. बहामामधला डीन्स ब्लू होल, समुद्रातला खोल खड्डा. तिथे विल्यम ट्रुब्रिज २०१६ मध्ये फिनशिवाय, नुसत्या हातापायांनी १०२ मीटर खोल गेला. तिथेच २०१८ मध्ये अलेक्सी मोल्चानोव मोनोफिनने १३० मीटर. पूलमध्ये आडव्या अंतरातही तसंच, मातेऊश मालिनाने २०१६ मध्ये फिनशिवाय २४४ मीटर केलं आणि त्याच वर्षी फिनलंडमधल्या तुर्कूला मोनोफिनने ३००, तिथे योर्गोस पानायोताकिसनेही ३०० केलं.

माणूस तोच, फुप्फुसं तीच, आणि ५६ मीटरचा फरक. पण मला यात दुसरी बाजूही दिसते. २४४ हा आकडा फिनशिवायचा आहे, म्हणजे हा माणूस फिन काढल्यावरही पाण्यात इतका स्वच्छ सरकतो. कमरेच्या वरचं अंग शांत नसेल तर पायाला काहीही बांधा, ते अंग पाणी ढकलतच राहणार. आयडा (फ्रीडायव्हिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) आता दोन फिनचे विक्रमही वेगळे धरते ते मला योग्य वाटतं, हे दोन वेगळे खेळ आहेत.

१४ फेब्रुवारी

सर्दी गेली. ५० मीटर आरामात, मधे एक वळण.

आणि याच मुद्द्यावर आज दादाशी बराच वेळ बोलणं झालं. फिन बदलल्यावर अंतर पटकन वाढतं. माझ्या शरीराची कार्बन डायऑक्साइड सहन करायची ताकद महिन्याभरात तेवढी वाढलेली नाही, ऑक्सिजन साठवायची तर नाहीच, वाढलीय फक्त पात्याची मदत. म्हणजे भिंत लवकर येते, आणि ती लवकर आली की अजून एक लांबी करावी असं वाटतं, आणि पायांची जळजळ, जी दोन फिनवर वेळेत थांबवायची, ती इथे उशिरा येते. ही इशारा देणारी गोष्ट कमी झालीय हे डोक्यात पक्कं ठेवायला हवं. ब्लॅकआउट (ऑक्सिजन कमी पडून शुद्ध हरपणं) व्हायला खोली लागत नाही, दीड मीटर पाण्यातही होतो, आणि आधी दरवेळी काही जाणवतंच असं नाही.

म्हणून ठरलं ते असं. अंतर आधी सांगायचं आणि त्याच्या पुढे जायचं नाही, कितीही छान वाटत असलं तरी. दादा वरून स्नॉर्कल घालून बरोबर येणार, आणि त्यालाही फिन घालावे लागतात कारण नुसत्या पायांनी तो मागे पडतो, हे आम्ही करून बघितलं. दोन प्रयत्नांच्या मधे पूर्ण विश्रांती. आधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, त्याने ऑक्सिजन वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास घ्यायची इच्छा उशिरा होते, म्हणजे धोक्याची घंटा बंद करून ठेवण्यातला प्रकार. वर आल्यावर आधी काठ पकडायचा, मग श्वास, झटकन आत आणि हलका बाहेर, मग मास्क काढून हाताने ओकेची खूण. आणि ओके दिल्यावरही तो तीस सेकंद नजर हटवणार नाही. पूलमध्ये एकट्याने कधीच नाही, "फक्त टेक्निक करतेय" म्हणून सुद्धा नाही.

२२ फेब्रुवारी

पहिल्यांदा मोकळ्या पाण्यात, दोरीवर. बोया, खाली वजन, १५ मीटरवर प्लेट (किती खोल जायचं त्याची खूण). फार खोल जायचं नव्हतंच.

डक डाइव्ह, म्हणजे पृष्ठभागावरून डोकं खाली करून सूर मारणं, पूर्ण वेगळी. दोन फिनवर एक पाय उचलला तरी अंग उलटतं, इथे दोन्ही पाय एकत्र उचलावे लागतात आणि ते जड. कमरेतून काटकोन, हात खाली ओढायचे, पाय वर, आणि मग थांबायचं. हे थांबणंच महत्त्वाचं. पातं पूर्ण पाण्याखाली जाईपर्यंत किक नाही, नाहीतर अर्धं पातं हवेत मारलं जातं, मोठा आवाज होतो आणि ढकल काही मिळत नाही. फिनच्या वजनानेच अंग खाली सरकतं, पृष्ठभाग वर गेलेला दिसला की पहिली किक.

कानांचं वेळापत्रक पण बदललं. पहिल्या १० मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, फुप्फुसातल्या हवेचं आकारमान निम्मं, त्यामुळे सगळ्यात जास्त वेळा कान मोकळे करावे लागतात ते इथेच, आणि सगळ्यात जोरात किकही इथेच लागते कारण अंग वर तरंगत असतं. आता एक हात नाकावर असेल तर दोन हातांचा लॉक तुटतो. बरेच चांगले मोनोफिनवाले नाकाला क्लिप लावतात ते यासाठीच, हात मोकळे राहतात. मी सध्या मास्क आणि एक हात नाकाला, दुसरा पुढे ताणलेला असं केलं, थोडी तिरकी जाते पण चालतंय. लाट मात्र नेहमीपेक्षा लहान ठेवावी लागली, मान हलली की फ्रेन्झेल (कान मोकळे करायची पद्धत) बिघडतं.

१ मार्च

आज प्लेट २० मीटरवर. दादा परतताना १० मीटरवर भेटणार असं ठरलेलं, आणि भेटला.

साधारण १२ मीटरनंतर किक थांबवली, तिथून पुढे अंग स्वतःच खाली जातं. या फ्रीफॉलमध्ये मोनोफिन सुकाणूसारखा वागतो हे आज कळलं. घोटा जरासा एका बाजूला वळला तरी मोठं पातं अंग फिरवतं आणि दोरी नजरेतून जाते. घोटे सैल पण सारखे, गुडघे जुळलेले, नजर दोरीवर, इतकंच करायचं. लॅनयार्ड (दोरीला अडकवलेला सुरक्षेचा पट्टा) मनगटाला आहे त्यामुळे दोरीपासून लांब गेले तरी किती जाणार, पण सरळ जायची सवय लागलीच पाहिजे.

वर येताना पहिल्या चार-पाच किक खऱ्या, त्यांना ताकद लागते कारण तिथे अंग जड असतं. तिथेच मऊ पात्याची मर्यादा दिसली, जोरात मारलं की पातं जास्तच वाकतं आणि ढकल मागे न जाता बाजूला जाते. उपाय जोर वाढवणं नाही, किक लहान आणि थोडी जलद करणं. ते केल्यावर दोरीवरच्या खुणा भराभर खाली जायला लागल्या. शेवटचे सहासात मीटर किक नाही, हवा परत फुगते आणि अंग वर येतं. ब्लॅकआउट बहुतेक याच शेवटच्या टप्प्यात नाहीतर वर आल्यावर होतात, दाब कमी झाला की रक्तातला ऑक्सिजनही पडतो, त्यामुळे इथे पाय शांत ठेवणं चांगलं. वर येऊन बोया पकडला, श्वास, ओके. पाय ताजे होते. दोन फिनवर याच खोलीला मांड्या भरून यायच्या.

८ मार्च

पूल. क्लबमधल्या एकीचा मध्यम ग्रेडचा फिन घालून बघितला, पॉकेट माझ्याच मापाचं. पहिल्या लांबीला वाटलं हाच पाहिजे, ७ किकमध्ये भिंत. तिसऱ्या लांबीला गुडघे वाकायला लागले, दादाने लगेच हात दाखवले, टोकं हलताहेत. पातं वाकवायला छातीची लाट पुरत नव्हती म्हणून मांड्या मदतीला आल्या. माझा मऊ परत चढवला, दोन लांब्यांत हात शांत.

तेव्हा मध्यमचा विचार पावसाळ्यानंतर. तोपर्यंत याच पात्यावर वळण पक्कं करायचं, नाकाच्या क्लिपची सवय लावायची (आधी कोरड्यात, बसून), आणि पाठीचा स्ट्रेच चालू ठेवायचा. फिनच्या उजव्या कोपऱ्यावरची रबराची पट्टी टाइल्सला घासून थोडी उचललीय, आज गोड्या पाण्याने धुवून सावलीत आडवा ठेवलाय, वाळला की पट्टी चिकटवते. पुढच्या आठवड्यात दोरीवर परत २०, खोली तीच, फक्त खाली जाताना हात बदलून.